खालच्या जागी गळू : पुरुषांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ओपीडीत, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि आशाताईंच्या हाती पाठवलेल्या चिठ्ठ्यांतून येत असतात. बरेचदा सुरुवात "माझ्या एका मित्राला..." अशी असते. मित्रालाही उत्तर तेच लागू. नावं-गावं काढली आहेत, विचारण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. कातडी काळी पडत असेल तर आधी प्रश्न ११ वाचा. मुलाच्या गोटीत अचानक कळ आली असेल तर प्रश्न १२. बाकीचं नंतर.

१. लिंगावर गळू होते का? आमच्या गावात तर असं कधी कोणी ऐकलं नाही.

होतं, पण फार क्वचित. काखेत, मांडीवर, बसायच्या जागी झालेली गळवं आम्ही रोज पाहतो. वृषणकोशावरची, म्हणजे गोट्यांच्या पिशवीवरची, अधूनमधून येतात. लिंगाच्या आतलं गळू मात्र बऱ्याच सर्जनना अख्ख्या नोकरीत बोटांवर मोजण्याइतकंच भेटतं. वैद्यकीय नियतकालिकांत त्याबद्दल जे छापून येतं, तेही बहुतेक एकेका रुग्णाची हकिगत म्हणूनच. गावात ऐकू न येण्याचं दुसरं कारण सरळ आहे: ज्याला झालं तो पारावर सांगत नाही.

यात दोन प्रकार पडतात. एक कातडीखालचं, वरवरचं. दुसरं खोलवरचं: लिंगाला ताठरता आणणारे दोन स्पंजासारखे भाग आत असतात, त्यांत पू साठतो. पहिला प्रकार लवकर दिसतो आणि लवकर बरा होतो. दुसरा वरून फसवतो.

२. साधा फोड आहे की गळू, हे घरी कसं ओळखायचं?

केसाच्या मुळाशी आलेली ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी, ताप नाही, दोन-तीन दिवसांत बसली, तर तो फोड. गळवाचा ठणका वेगळा असतो. रात्री झोप लागू देत नाही, नाडीबरोबर ठणकतो, कातडी लाल आणि गरम होते, सूज रोज वाढते, हुडहुडी भरून ताप येतो. पिकलं की बोटाला मधोमध मऊ लागतं.

खोलवरच्या गळवात हा मऊपणा लागतच नाही. लिंगाचा एक भाग दगडासारखा टणक, दाबला की जीव जातो, पहाटे ताठरता आली की कळ येते, लघवीची धार बारीक होते. वरून कातडी जवळपास नेहमीसारखी. "वर काही दिसत नाही" म्हणून माणूस थांबतो आणि तिथंच दिवस जातात.

ओपीडीच्या बाकावर न बसता, भिंतीला टेकून पाय फाकवून उभा असलेला माणूस दिसला की आमच्या सिस्टर त्याचा नंबर न बघता त्याला आत घेतात. तुम्ही तसे उभे असाल तर तुम्हीच सिस्टरला सांगा. कागदावर "खालच्या जागी सूज" एवढं लिहून दिलं तरी पुरतं.

३. मी बाहेर कुठं गेलो नाही, मग मले हे झालंच कसं?

बाहेर जाण्याचा आणि गळवाचा संबंध असलाच पाहिजे असं मुळीच नाही. जंतू बहुतेक वेळा आपल्याच कातडीवरचे किंवा आतड्यातले असतात: स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, ई. कोलाय, आणि हवेशिवाय वाढणारे काही. त्यांना आत शिरायला फट लागते, एवढंच.

ती फट अशी पडते: जुन्या ब्लेडने केस काढताना, पँटच्या चेनमध्ये कातडी अडकून, संबंधाच्या वेळी दात किंवा नख लागून, लघवीची नळी घालताना-काढताना, मार लागून. कधी लघवीच्या नळीच्या संसर्गातून पू बाहेर सरकतो. दाताच्या मुळाशी साठलेल्या पुवातले जंतू रक्तातून लिंगापर्यंत पोहोचल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं तर चक्रावून जाऊ नका.

एक कारण लोक शेवटपर्यंत लपवतात: ताठरतेसाठी लिंगात टोचलेलं इंजेक्शन, किंवा आकार वाढवायचा म्हणून कातडीखाली भरलेलं तेल वा पेट्रोलियम जेली. बसस्टँडच्या भिंतीवरच्या जाहिराती काय काय विकतात ते आम्हालाही ठाऊक आहे. टोचलं असेल तर सांगा. आत परका पदार्थ राहिला असेल तर तो काढल्याशिवाय गळू पुन्हा पुन्हा भरत राहतं, आणि ते न सांगता ऑपरेशन झालं तर ते अर्धंच होतं.

शुगर, एचआयव्ही, दारूने खंगलेलं शरीर, बराच काळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या या सगळ्यांत धोका वाढतो. शुगरचं प्रश्न ११ मध्ये पुन्हा येईल.

४. हा गुप्तरोग आहे का? बायकोला लागेल का?

गळू हा स्वतः गुप्तरोग नाही. तुमच्या कपड्यांनी किंवा एका बाथरूममुळे ते बायकोला होत नाही. मात्र काही वेळा त्याच्या मुळाशी परमा, म्हणजे गोनोरिया, असू शकतो. लघवीच्या तोंडातून पिवळा स्राव, लघवीला आग, अशी लक्षणं आधी होती का ते आठवा. तसं असेल तर दोघांनाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर एक बरा होतो आणि दुसऱ्याकडून परत लागण होते. जिल्हा रुग्णालयात आणि अनेक ठिकाणी 'सुरक्षा क्लिनिक' या नावाने त्यासाठी वेगळी खोली असते. तपासणी आणि औषध मोफत, बोलणं गुप्त.

जांघेत गाठ येऊन ती पिकणं आणि लिंगावर जखम असणं हे वेगळं दुखणं आहे. त्याला गळू समजून चिरा देऊन घेऊ नका, आधी दाखवा.

५. बिब्बा लावला तर सूज उतरते म्हणतात. हळद, चुना, एरंडाचं पान, गरम शेक, यातलं काय चालेल?

बिब्बा नको. एवढं एकच वाक्य तुम्ही या पानावरून घेऊन गेलात तरी चालेल. टाचेच्या भेगेला, गुडघ्याला बिब्ब्याचा चटका देणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, पण टाचेची कातडी आणि लिंगाची कातडी यांत फरक आहे. बिब्ब्याचा तेलकट काळा रस तिथं लागला की काही तासांत भाजल्यासारखे फोड येतात, पाणी सुटतं, कातडी सोलते. मग आमच्यासमोर दोन दुखणी असतात आणि कोणती लाली गळवाची, कोणती बिब्ब्याची, ते कळेनासं होतं. कातडी खरंच काळी पडतेय की तो बिब्ब्याचा डाग आहे, हा प्रश्न तर जिवावरचा असतो (प्रश्न ११). लावलाच असेल तर लपवू नका.

चुना भाजतो. हळदीने पू निघत नाही आणि रंगामुळे तपासणी अवघड होते. एरंडाचं गरम पान बांधून कातडी शेकली गेल्याचं प्रमाण कमी असलं तरी असतं. कोमट पाण्यात टॉवेल बुडवून शेकल्याने थोडा आराम वाटतो, त्याने नुकसान नाही. पण शेकत बसणं म्हणजे उपचार नव्हे. दाबून पू काढणं आणि सुई तापवून टोचणं दोन्ही बंद. तिथलं पातळ जाळं सैल असतं, पू दाबला की बाहेर यायच्या ऐवजी वृषणकोशाकडे आणि पोटाकडे सरकतो.

गजकर्णासाठी आणलेली ट्यूबही चोळू नका. दुकानातून सहज मिळणाऱ्या अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. लाली तात्पुरती उतरते, आत जंतूंना मोकळं रान मिळतं.

६. मेडिकलवाल्याने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. अर्धा फरक पडला. आता अजून पाच दिवस घेऊ का?

नका घेऊ. आधी दाखवा.

गोळीतलं औषध रक्तातून पोहोचतं. गळू म्हणजे पुवाची भरलेली थैली, तिच्या मधोमध रक्तवाहिन्याच नसतात. काठावरचे जंतू मरतात, ताप उतरतो, ठणका कमी होतो, आणि आत पू तसाच राहतो. पू साठण्याआधीची नुसती लाल सूज असेल तर गोळ्या पुरतात. पू झाला की त्याला वाट करून द्यावीच लागते. त्यात गोळ्या मधेच सोडल्या, पुन्हा वेगळ्या घेतल्या, की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि नंतर पुवाच्या कल्चरमध्येही (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) नीट सापडत नाहीत. घेतलेल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत आणा. "पांढरी लांबट गोळी" यावरून आम्हाला काही कळत नाही.

७. कोणाकडे जायचं? पीएचसीत लेडी डॉक्टर आहेत.

लेडी डॉक्टरांकडेच जा. त्यांनी असं बरंच पाहिलेलं असतं. लाजच वाटत असेल तर पुरुष कर्मचारी सोबत राहू द्या असं सांगा, तो तुमचा हक्क आहे. पीएचसीत शुगर बघतील, ताप-बीपी बघतील, पहिलं इंजेक्शन देतील आणि चिठ्ठी देऊन पुढे पाठवतील.

वृषणकोशाच्या कातडीवरचं छोटं गळू ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सर्जन असेल तर तिथंच उघडता येतं. लिंगातलं गळू, लघवी अडणं, किंवा शुगर फार वाढलेली असेल तर जिल्हा रुग्णालय वा मेडिकल कॉलेज. आपल्या विदर्भात नागपूरचं मेडिकल आणि मेयो, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, यांतलं जे जवळ पडेल ते. मूत्ररोग तज्ज्ञ म्हणजे युरोलॉजिस्ट लागला तर नागपूर किंवा अमरावतीच्या सुपरस्पेशालिटीत पाठवतात. स्थिती गंभीर असेल तर १०८ ला फोन करा, ती गाडी मोफत आहे.

'मूळव्याध, भगंदर, अंडवृद्धी बिनाऑपरेशन' असा फलक असेल तिथं जाऊ नका. याचं कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

८. तपासण्या कोणकोणत्या? सगळ्या लागतात का?

सगळ्या नाही. हाताने तपासणी, रक्तातली साखर, हिमोग्राम, लघवी आणि सोनोग्राफी एवढ्यात बहुतेकांचं निदान होतं. डॉप्लर सोनोग्राफीत पू कुठे, किती खोल आणि गोटीचा रक्तपुरवठा चालू आहे का, हे दिसतं. एमआरआय किंवा सीटी फक्त तेव्हा, जेव्हा गळू खोल आहे किंवा पोटाच्या आतून येत असल्याचा संशय आहे. लघवीच्या नळीला भोक पडलं असेल अशी शंका आली तर नळीत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीने होते.

एक तपासणी मात्र मागून घ्या: निघालेल्या पुवाचं कल्चर. दोन-तीन दिवसांत रिपोर्ट येतो आणि कोणता जंतू, कोणतं औषध चालेल, हे त्यात कळतं. गर्दीच्या दिवशी पू सरळ ट्रेमध्ये जातो आणि कल्चर राहून जातं. अशा वेळी नातेवाइकाने "डॉक्टर, पू तपासायला पाठवला का?" एवढं विचारलं तर कोणालाही राग येत नाही.

९. चिरा मारला तर लिंग निकामी होईल का? माझं लग्न व्हायचं आहे.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि याच भीतीने लोक उशीर करतात. लिंग खराब करतो तो पू, चिरा नाही. ताठरतेच्या स्पंजात पू साठून राहिला की तिथले तंतू सडतात आणि त्या जागी व्रण तयार होतो. व्रण ताणला जात नाही, म्हणून ताठरता आल्यावर लिंगाला बाक येतो किंवा ताठरता अपुरी राहते. वेळेत पू काढला तर बहुतेकांचं काम पूर्वीसारखं चालतं. उशिरा आलेल्या, खोल गळवाच्या रुग्णांत काहींना बाक किंवा कमजोरी राहते, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. त्यावरही नंतर उपचार आहेत.

कमरेत इंजेक्शन देऊन किंवा लिंगाच्या मुळाशी भूल देऊन हे करतात. शिरा आणि लघवीची नळी वाचवून, जिथं पू कातडीच्या जवळ आहे तिथं चिरा घेतात. आतले पडदे बोटाने मोडतात, सलाइनने धुतात. छोटं, एकाच कप्प्याचं गळू असेल तर सोनोग्राफीत बघत सुईनेही पू ओढता येतो. पण ते पुन्हा भरू शकतं, त्यामुळे नंतर दाखवायला येणं टाळू नका. लघवीला काही दिवस नळी ठेवावी लागू शकते.

मुलं होण्याशी लिंगाच्या गळवाचा थेट संबंध नाही. संसर्ग गोटीपर्यंत गेला असेल तर तो प्रश्न वेगळा, डॉक्टरांना विचारा.

१०. टाके का नाही घातले? एवढी मोठी जखम उघडीच ठेवली आणि घरी पाठवलं.

मुद्दाम. वरून शिवलं तर आत पुन्हा पू साठतो. जखम तळातून वर भरून यायला हवी. म्हणून सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजची वात आत सैलसर ठेवतात, ठासून नाही. दुसऱ्या दिवशी ती काढायची, जखम धुवायची, नवी वात. पहिल्या दोन वेळा वात ओढताना कळ येते, म्हणून अर्धा तास आधी दुखण्याची गोळी घ्या आणि सुकलेली वात सलाइन टाकून ओली करूनच काढायला सांगा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तळाशी लालभडक, दाणेदार मांस दिसू लागतं. ते पाहून घाबरणारे बरेच असतात. ते चांगलं लक्षण आहे. पिवळट-करडा थर, वास किंवा काठ काळे, हे वाईट.

रोज तालुक्याला येणं परवडत नसेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरकडून ड्रेसिंग होऊ शकतं, डिस्चार्ज कार्डावर तसं लिहून घ्या. लंगोट आवळून बांधू नका, सुती आणि सैल आधार पुरे.

औषध साधारण सात ते चौदा दिवस, कल्चरप्रमाणे बदलून. जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध नको, हस्तमैथुन नको, मोटरसायकल नको. फवारणीच्या पंपाचा पट्टा आणि कपाशीच्या वाफश्यातला घाम या जखमेला सोसत नाही. हंगाम तोंडावर असतो हे माहीत आहे, पण पंधरा दिवस दुसऱ्याला सांगा.

११. कातडी काळी पडतेय, घाण वास येतोय. हे गळूच ना?

नाही. वाचत बसू नका, १०८ लावा.

याला फोर्निअर गँग्रीन म्हणतात. पॅरिसच्या फोर्निअर या डॉक्टरांनी १८८३ मध्ये त्याचं वर्णन केलं. वृषणकोश आणि गुदद्वाराच्या भोवतीचं मांस तासातासाने सडत जातं. खुणा: दिसतं त्याच्या मानाने दुखणं फार जास्त, मग अचानक ती जागा बधिर, जांभळी-काळी कातडी, दाबलं की खाली कुरकुर, सडका वास, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. यात थांबणं म्हणजे जीव घालवणं. सडलेलं मांस त्याच दिवशी काढावं लागतं, बरेचदा दोन-तीनदा. नंतर कातडी लावता येते.

शुगरच्या पेशंटमध्ये हे जास्त होतं, आणि अनेकांना आपल्याला शुगर आहे हेच अशा वेळी पहिल्यांदा कळतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या शुगरच्या गोळ्यांबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये या आजाराचा इशारा दिला. धोका अगदी क्वचित आहे, गोळ्या मनाने बंद करू नका. पण त्या घेत असताना खालच्या जागी सूज-लाली आली तर त्याच दिवशी दाखवा आणि गोळीचं नाव सांगा.

१२. पोराच्या गोटीत रात्री अचानक कळ आली, उलटी झाली. गळू असेल का? सकाळी आणू?

आत्ताच आणा. ताप नाही, कळ अचानक, मळमळ, गोटी वर ओढलेली: अशी गोटी पिळवटलेली असू शकते. तिचा रक्तपुरवठा तुटतो. साधारण सहा तासांत पीळ सोडवला तर गोटी बहुधा वाचते, सकाळपर्यंत थांबलात तर बहुधा नाही. कुमारवयातल्या मुलांत हे विशेष दिसतं. मुलं आईला सांगायला लाजतात, "पोट दुखते" म्हणतात. पोटदुखीच्या मुलाची चड्डी उतरवून बघणं हा तपासणीचा भाग आहे, डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा.

१३. जुनं हायड्रोसील होतं. एकाने सुईने पाणी काढलं, आता ताप आहे आणि पिशवी दगडासारखी झाली.

हायड्रोसील, म्हणजे अंडवृद्धी: गोटीभोवती पाणी साठतं. त्या पाण्यात जंतू गेले आणि पाण्याचा पू झाला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा पट्टा, त्यामुळे अंडवृद्धी आपल्याकडे नवी नाही. अस्वच्छ सुईने पाणी काढणारेही नवे नाहीत. पाणी काढलं तरी पुन्हा भरतंच, आणि एखाद्या खेपेला असा पू होतो. आता हे तातडीचं ऑपरेशन आहे, कधी गोटीही काढावी लागते. ज्यांचं हायड्रोसील अजून शांत आहे त्यांनी सरकारी रुग्णालयात ठरवून शस्त्रक्रिया करून घ्यावी. ती साधी असते.

१४. तीन महिने झाले, भोकातून पाणी-पू येतच आहे. दोनदा चिरा मारला.

तिसऱ्यांदा तसाच चिरा मारून घेऊ नका. कारण शोधायला हवं. लघवी करताना त्या भोकातून थेंब येतात का बघा. येत असतील तर नळीला वाट फुटली आहे. नसतील तर क्षयरोगाचा विचार करावा. त्यात ठणका आणि ताप कमी, गाठ हळूहळू वाढते, नंतर फुटते. साध्या कल्चरमध्ये क्षयाचा जंतू दिसत नाही, त्यासाठी पू सीबीनॅटला, म्हणजे क्षयाचा जंतू शोधणाऱ्या खास तपासणीला, पाठवायला सांगा. औषध सरकारी केंद्रातून मोफत मिळतं आणि कोर्स महिनोन्महिने चालतो. आत राहिलेला परका पदार्थ हे तिसरं कारण (प्रश्न ३).

वय पन्नाशीपुढे, पुढची कातडी मागे जात नाही, आतून वासाचा पू येतो: इथं गळवाच्या आड लिंगाचा कर्करोग असू शकतो. जखमेच्या काठाचा तुकडा तपासल्याशिवाय तो कळत नाही. लवकर कळला तर बराच भाग वाचवता येतो.

१५. धानाच्या बांध्यात काम करतो. शुगर आहे. पावसाळ्यात ताप आला, लघवी अडली. सोनोग्राफीत प्रोस्टेटला गळू निघालं. हे वेगळं आहे का?

असू शकतं. मेलिऑइडोसिस नावाचा आजार चिखल आणि साचलेल्या पाण्यातल्या जंतूमुळे होतो. त्याचं पहिलं वर्णन १९१२ मध्ये रंगूनमधून झालं. अनवाणी चिखलात राबणारा मधुमेही माणूस हा त्याचा नेहमीचा रुग्ण, आणि पुरुषांत प्रोस्टेटमध्ये (मूत्राशयाखालच्या ग्रंथीत) पू साठणं ही त्याची ओळखीची खोड. प्रयोगशाळेत हा जंतू 'स्यूडोमोनास' या दुसऱ्याच जंतूच्या नावाखाली निसटू शकतो. नेहमीचं जेंटामायसिन त्याला लागू पडत नाही. सेफ्टाझिडाइम किंवा मेरोपेनेम निदान दहा-चौदा दिवस शिरेतून, आणि पुढे तीन ते सहा महिने को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या घ्याव्या लागतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या तर आजार उलटतो. म्हणून "मी बांध्यात काम करतो" हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्यांनी तर नक्कीच.

१६. पैसे नाहीत. आणि घरच्यांले सांगू का नको?

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मोठी शस्त्रक्रिया लागली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, चौकशीचा क्रमांक १५५३८८.

घरात एकाला तरी सांगा. भुलीनंतर गाडी चालवता येत नाही आणि रोजची वात बदलायला कुणीतरी लागतं. बायकोला सांगायची हिंमत होत नसेल तर तिला घेऊन या, आम्ही सांगू. बहुतेक वेळा तिला आधीच कळलेलं असतं, कारण तुम्ही आठवडाभर पाटावर बसून जेवलेले नसता.